अंगणातल्या पक्ष्यांची बखर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू या. यंदा तुमच्या घराजवळ कोकीळ पहिल्यांदा कोणत्या तारखेला ओरडला?

हा प्रश्न मी अनेकांना विचारून पाहिला आहे. उत्तरे साधारण सारखीच येतात. ‘आंब्याला मोहोर होता तेव्हा’, ‘होळीच्या आसपास असेल बहुतेक’. तारीख कुणीच सांगत नाही. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या धावा किती झाल्या, असे विचारा. १८३ हा आकडा झोपेतून उठवले तरी सांगणारे लोक आपल्यात आहेत. पण दर वर्षी खिडकीशी येऊन, भल्या पहाटे आपली झोपमोड करणाऱ्या पक्ष्याची तारीख मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या लहानपणी घरात चिमण्या किती होत्या? याचे उत्तर ठरलेलेच आहे, ‘खूप होत्या हो!’ खूप म्हणजे किती? दहा? पन्नास? घरटी किती होती? इथे सगळे गप्प होतात.

आज मला या ‘खूप’विषयी बोलायचे आहे. आपल्या देशातल्या पक्षिनिरीक्षणाचा इतिहास सांगताना आपण घनदाट जंगलांविषयी, अभयारण्यांविषयी, डोंगरदऱ्यांतल्या मोहिमांविषयी बोलतो. त्या इतिहासाचा मोठा भाग मात्र घराच्या व्हरांड्यात, परसात, घोड्यांच्या पागेत आणि एकदा तर राजबंद्याच्या खोलीत घडलेला आहे. त्यातले टिकले तेवढेच, जे कुणीतरी वेळच्या वेळी लिहून ठेवले.

शब्दांत जपलेले निरीक्षण

लिहिण्याच्याही आधी माणसे पाहत होती, याचा पुरावा भाषेत सापडतो. कोकिळाला संस्कृतमध्ये ‘परभृत’ असा एक शब्द आहे. अमरकोशात तो दिला आहे. परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही, ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते आणि कावळा ते पिलू आपले समजून वाढवतो, ही गोष्ट या एका शब्दात आली. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला टोचून बोलतो, तेव्हा तो याच गोष्टीचा आधार घेतो. म्हणजे नाटक पाहायला बसलेल्या प्रेक्षकांना ती ठाऊक होती. कावळा वस्तीत राहणारा पक्षी. त्याचे घरटे दारातल्या झाडावर. तेव्हा हा शोध कुणा ऋषीला अरण्यात लागला असण्यापेक्षा, अंगणात बसलेल्या कुणा माणसाला लागला असण्याचाच संभव अधिक.

अर्थात भाषा नेहमीच बरोबर असते असे नाही. आपण ‘कोकिळा गाते’ असे म्हणतो. प्रत्यक्षात कुहू कुहू करतो तो काळाभोर नर; मादी ठिपक्याठिपक्यांची, तिचा आवाज वेगळा आणि तोही तुटक. गवताच्या पात्यांनी सुरेख खोपा विणणाऱ्या पक्ष्याला आपण ‘सुगरण’ म्हणतो. या सुगरणीकडे आपण पुढे पुन्हा येणारच आहोत, कारण तिचे खरे गुपित उलगडले ते आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या एका गावात.

मोगल बादशहांपैकी जहांगीराला हे पाहण्याचे वेड होते. त्याने सारस पक्ष्यांची एक जोडी लहानपणापासून पाळली होती. नावे ठेवली होती लैला आणि मजनू. ही जोडी अंड्यांवर बसू लागली, तेव्हा बादशहाने काय लिहून ठेवले पाहा : रात्रभर मादी बसते आणि नर जवळ पहारा देत उभा राहतो, सकाळ झाली की नर येतो, चोचीने तिची पाठ खाजवतो आणि मग ती उठते, तो बसतो. सतराव्या शतकाच्या आरंभी केलेली ही नोंद जहांगीराच्या आठवणींत आजही वाचायला मिळते. साम्राज्याचा कारभार बाजूला ठेवून या माणसाने एका घरट्याकडे दिवसच्या दिवस पाहिले, म्हणून ती आपल्या हाती आली.

बंदूक आणि रद्दी

पुढे इंग्रज आले आणि पक्षी पाहण्याची पद्धत बदलली. पक्षी पाहायचा म्हणजे बंदुकीने टिपायचा, कातडे सोलून पेंढा भरायचा आणि चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचा. त्या काळी चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, छायाचित्रे नव्हती, तेव्हा याला इलाजही नव्हता. या पद्धतीचा सर्वांत मोठा संग्राहक म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूमसाहेब. राजकारणाच्या इतिहासात त्यांचे नाव आपण वाचतो, पण त्याआधी कित्येक वर्षे ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या मागे होते. सिमल्याला ‘रॉथनी कॅसल’ या आपल्या बंगल्यात त्यांनी पक्ष्यांचे प्रचंड संग्रहालय उभे केले होते. देशभरातल्या निरीक्षकांची टिपणे छापणारे ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक ते चालवत.

ह्यूमना भारतीय पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहायचा होता. त्यासाठी वर्षानुवर्षांची टिपणे जमली होती. एका हिवाळ्यात ते सिमल्याहून खाली गेले असताना त्यांच्या नोकराने घरातले कागद बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले! परत येऊन पाहतात तो टिपणे गेलेली. या घटनेने त्यांचे मनच उडाले. १८८५ मध्ये त्यांनी ८०,००० हून अधिक नमुन्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पक्ष्यांचा विषय सोडला.

कातडी राहिली, टिपणे गेली. पक्षी कसा दिसतो ते कातड्यावरून कळते. तो केव्हा आला, काय खात होता, कुणाशी भांडला, पिले किती जगली, हे कातडे सांगत नाही. ते टिपणच सांगते.

साताऱ्यात जन्मलेले साहेब

ह्यूम सिमल्यात कपाटे भरत होते, त्याच काळात मुंबई इलाख्यात मिठाच्या खात्यातला एक अधिकारी वेगळ्याच पद्धतीने पाहत होता. त्यांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. वडील स्कॉटिश मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यात झाले. काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन शिकवले आणि १८७६ मध्ये ते जकात व मीठ खात्यात गेले. नोकरीच्या निमित्ताने खाराघोडा, उरण, कारवारकडचा मुलूख, गोवा, रत्नागिरी अशी त्यांची भटकंती झाली. ‘ई. एच. ए.’ या आद्याक्षरांनी ते लिहीत.

१८८३ मध्ये त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक निघाले. सरहद्दीवरच्या टोळ्या! त्या काळी वर्तमानपत्रांत वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या बातम्या सतत येत. वाचकाला वाटावे, हेही एखाद्या लष्करी मोहिमेचे वर्णन असेल. प्रत्यक्षात एटकेन यांची सरहद्द म्हणजे त्यांच्या बंगल्याचे कुंपण आणि टोळ्या म्हणजे उंदीर, डास, पाली, मुंग्या, वटवाघळे, कोळी, कावळे! हे सगळे प्राणी त्यांनी आपल्या घरात आणि बागेत बसून पाहिले. पुस्तक हसवते, आणि हसता हसता इतके काही दाखवते, की आपल्याच घरातल्या पालीकडे आपण नव्या नजरेने पाहू लागतो.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी एक संस्था काढली. तीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. एटकेन त्या आठांपैकी एक आणि संस्थेचे पहिले मानद सचिव. त्या आठांत दोन आपली माणसेही होती, हे आपल्याला फारसे माहीत नसते : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. संस्था काढण्यामागे हेतू साधा होता. सृष्टीतल्या गोष्टी पाहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा भेटावे, आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत. १८८६ पासून संस्थेचे जर्नल निघू लागले आणि ही निरीक्षणे छापली जाऊ लागली. ते जर्नल आजही चालू आहे.

डासांकडेही एटकेन यांनी असेच निरखून पाहिले. पुढे हिवतापाच्या तपासासाठी सरकारने त्यांचा उपयोग करून घेतला आणि ॲनॉफिलीस डासाच्या एका जातीला त्यांचे नाव मिळाले. १९०० मध्ये त्यांचे ‘द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे’ हे छोटे पुस्तक आले. त्यात दुर्मिळ पक्षी नव्हते. शहरातल्या माणसाला रोज दिसणारे होते : घार, कावळा, साळुंकी, बुलबुल, शिंपी, दयाळ. पक्षी मारून ओळखण्याऐवजी त्याला पाहून ओळखता यावे, अशा बेताने ते लिहिले होते.

खेतवाडीतला मुलगा

या पुस्तकाची एक प्रत १९०८ च्या सुमारास एका बारा वर्षांच्या मुलाच्या हाती पडली. आईवडील लहानपणीच वारलेला हा मुलगा मामा-मामींकडे गिरगावात खेतवाडीत राहत होता. एअरगनने चिमण्या मारणे हा त्याचा आवडता उद्योग. एकदा त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कसली चिमणी, म्हणून मामांनी त्याला नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखला, कपाटांतले नमुने दाखवले आणि वाचायला पुस्तके दिली. त्यांत एटकेन यांचे हे पुस्तक होते. मुलाचे नाव सालिम अली.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. त्याआधीची एक गोष्ट मात्र मला जास्त मोलाची वाटते. दहा-एक वर्षांचा असताना या मुलाने एक नोंद लिहून ठेवली होती. पागेच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर खिळ्यावर बसलेला. मुलाने उभ्या गाडीच्या आडून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही खिळ्यावर येऊन बसला. त्यालाही टिपले. असे सात दिवसांत आठ नर त्याने मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला.

आज हे वाचताना आठ चिमण्यांबद्दल वाईट वाटते. सालिम अली यांनीही ती नोंद आपल्या शिकारीच्या बढाईसाठीच लिहिली होती, हे पुढे आत्मचरित्रात मान्य केले. पण नोंद तपशिलाने केलेली होती, म्हणून ती कामाला आली. जोडीदार नसलेले नर आसपास वाट पाहत असतात, ही वर्तनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्या मुलाच्या वहीत, त्याला तिचा अर्थ कळण्याआधीच उतरली होती.

आता सुगरणीकडे वळू. १९३० मध्ये सालिम अली जर्मनीहून शिकून परत आले, तेव्हा त्यांची मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. पदरात शिक्षण होते, नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. समुद्रकाठचे छोटे घर. त्या पावसाळ्यात घराजवळच सुगरण पक्ष्यांनी खोपे बांधायला घेतले. दुसरे काही काम नव्हते, म्हणा किंवा याहून चांगले काम दुसरे नव्हते, म्हणा. ते रोज पाहत बसले आणि लिहीत गेले.

त्यातून जे निघाले त्याने सगळ्यांना चकित केले. खोपा नर विणतो. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती तो खोपा घेते आणि त्याच्याबरोबर नरालाही पत्करते. मग नर उरलेला खोपा पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! एका हंगामात एका नराचे असे अनेक संसार. ज्याला आपण पिढ्यानपिढ्या ‘सुगरण’ म्हणत आलो, ती प्रत्यक्षात घर पाहायला आलेली चोखंदळ गिऱ्हाईक आहे आणि कारागीर आहे तो नर. सालिम अलींचा हा निबंध नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाचा जो दबदबा पुढे जगभर झाला, त्याचा पाया किहीमच्या घराजवळ, नोकरी नसलेल्या एका पावसाळ्यात घातला गेला. मग १९४१ मध्ये आले त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’. रंगीत चित्रांच्या या पुस्तकाने हजारो घरांत पक्ष्यांची ओळख नेली.

किल्ल्यातल्या चिमण्या

आता जरा वेगळ्या ठिकाणी जाऊ. ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे आपण जाणतो. त्याच किल्ल्यात काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद एका मित्राला उर्दूतून पत्रे लिहीत होते. टपालात टाकता येत नव्हती, तरी लिहीत होते. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली.

त्यांतली मार्च १९४३ मधली पत्रे चिमण्यांविषयी आहेत. मौलानांच्या जुनाट खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. टेबलावर, पलंगावर काड्या आणि घाण पडे. स्वच्छतेची आवड असलेल्या मौलानांनी आधी त्यांच्याशी युद्धच पुकारले. हाकलले, पुन्हा हाकलले. चिमण्या काही हटेनात. शेवटी त्यांनी हार मानली आणि तह केला. तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. चिमण्या आधी लांबून टिपू लागल्या, मग जवळ आल्या, मग थेट तळहातावर येऊन बसू लागल्या. एकेकीचा स्वभाव त्यांना वेगळा दिसू लागला आणि त्यांनी नावेही ठेवली : मोती, कलंदर, मुल्ला, सूफी! उडायला घाबरणारे एक पिलू अचानक पंख पसरून कसे झेपावले, हे लिहिताना तर तो विद्वान माणूस हरखून गेला आहे.

याच सुमारास त्यांच्या पत्नी झुलेखा कलकत्त्यात आजारी होत्या. ९ एप्रिल १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. मौलाना किल्ल्यातच होते. ही पत्रे वाचताना मला नेहमी वाटते, की पक्षी पाहायला अभयारण्य लागत नाही, दुर्बीण लागत नाही, एवढेच काय, स्वातंत्र्यही लागत नाही. छतात एक भोक, एक चिमणी आणि पाहणारा माणूस पुरे.

वहीतून देशाच्या नकाशावर

स्वातंत्र्यानंतर घरच्या बागेतले निरीक्षण हा अनेकांचा छंद झाला. ब्रिटनचे हाय कमिशनर म्हणून १९५५ ते १९६० या काळात दिल्लीत राहिलेले माल्कम मॅकडोनाल्ड हे ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे चिरंजीव. सरकारी निवासस्थानाच्या बागेत कुणी घरटे केले, कुणाची पिले उडाली, कुणाची अंडी कावळ्याने पळवली, याची त्यांनी नोंद ठेवली आणि त्यावर ‘बर्ड्‌स इन माय इंडियन गार्डन’ हे पुस्तक लिहिले. त्याच सुमारास मुंबईत झफर फतेहअली यांनी ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ हे छोटेसे पत्रक सुरू केले. पक्षी पाहणाऱ्या कुणीही आपले टिपण पाठवावे आणि ते छापून यावे, असा हा मामला. देशभरातले शिक्षक, डॉक्टर, गृहिणी, रेल्वेतले कर्मचारी आपापल्या बागेतल्या गोष्टी त्यात कळवू लागले. शास्त्रज्ञ नसलेल्या माणसाच्या वहीला छापील जागा मिळाली.

आणि मग चिमणीचा प्रश्न आला.

साधारण २००० नंतर मोठ्या शहरांत लोक म्हणू लागले, चिमण्या दिसत नाहीत. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. नाशिकच्या एका तरुण संशोधकाच्या संस्थेने त्यात पुढाकार घेतला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. चिमणी का कमी झाली, यावर तावातावाने वाद झाले. मोबाईलच्या टॉवरना दोष दिला गेला. पण मुळात चिमणी किती कमी झाली? कुठे कमी झाली? पूर्वी किती होती? कुणालाच नीट सांगता येईना. दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी होत्या. माळढोक कुठे किती दिसला, हे कागदावर होते. चिमणीची नोंद कोण करणार? ती काय, रोजच असते! भारतातला सर्वांत ओळखीचा पक्षी, प्रत्येक मराठी मूल ज्याच्या नावाचा घास खाऊन वाढते तो पक्षी, आणि त्याचाच हिशेब नाही.

म्हणून २०१२ मध्ये ‘सिटिझन स्पॅरो’ नावाची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा लोकांना आज चिमण्या दिसतात का, एवढेच विचारून भागले नाही. पूर्वी दिसत होत्या का, किती दिसत होत्या, हेही आठवून सांगायला लावावे लागले. वह्या नव्हत्या, म्हणून आठवणींवर काम चालवले. आठवण म्हणजे पुन्हा तेच, ‘खूप होत्या!’

यातून धडा घेतला गेला, हे चांगले झाले. अमेरिकेत १९९८ मध्ये घराच्या परसातले पक्षी मोजण्याचा एक उपक्रम सुरू झाला होता. दर फेब्रुवारीत चार दिवस, आपल्या अंगणात निदान पंधरा मिनिटे उभे राहायचे, दिसतील ते सगळे पक्षी मोजायचे आणि यादी पाठवायची. २०१३ पासून भारतातले लोकही त्यात भाग घेऊ लागले. एका माणसाची पंधरा मिनिटे ती काय! पण हजारो लोकांची पंधरा-पंधरा मिनिटे, वर्षानुवर्षांची, एकत्र केली की त्यातून देशाचे चित्र उभे राहते. अशा नोंदींवर आधारलेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला अहवाल २०२० मध्ये आला आणि त्याने चिमणीविषयीचे कोडे बरेच सोडवले : मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या आहेत, पण देशभराचा विचार करता गेल्या पंचवीसएक वर्षांत त्यांची संख्या बरीचशी स्थिर आहे. मोबाईल टॉवरच्या आरोपाला ठोस पुरावा मिळाला नाही. नव्या इमारतींत घरट्याला न उरलेली जागा आणि पिलांना भरवायला न मिळणारे किडे, ही कारणे अधिक पटण्यासारखी.

२०२३ चा अहवाल त्याहून मोठा आहे. सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या जवळजवळ तीन कोटी नोंदी त्यात वापरल्या आहेत. त्यात कोकिळाची संख्या वाढल्याचे दिसते. आपला सुगरण पक्षी बऱ्यापैकी टिकून आहे. पण दीर्घकाळाचा कल सांगता येईल इतकी माहिती असलेल्या ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्या आहेत. म्हणजे दहातल्या सहा. हे आकडे अस्वस्थ करणारे आहेत. चिमणीच्या वेळी निदान अस्वस्थ व्हायलाही आपल्याकडे आकडे नव्हते. आता ते आहेत आणि ते बहुतांशी हौशी माणसांनी गोळा केलेले आहेत.

कॅलेंडरावरची नोंद

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो.

आमचे जुने घर मिरजेला. मागे परस होता. त्यात लिंबू, कढीपत्ता, पेरू, एक जुने चिंचेचे झाड आणि विहीर. माझी आई फार शिकलेली नव्हती. पक्ष्यांवरचे पुस्तक तिने कधी हातात धरले नसेल. पण भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहायची तिला सवय होती. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, मोलकरणीची रजा, आणि त्यांच्यामध्येच बारीक अक्षरात : ‘कोकीळ ओरडला’, ‘दयाळाची पिले उडाली, तीन’, ‘शिंप्याने कण्हेरीची पाने शिवली’, ‘विहिरीपाशी मुंगूस, दोन पिले’. वर्ष संपले की ते कॅलेंडर ती गुंडाळून माळ्यावर टाकी. असे किती वर्षे चालले, ते मी कधी मोजले नाही.

ती गेली. काही वर्षांनी घर विकायचे ठरले. माळा रिकामा करायला मीच गेलो होतो. दोन दिवसांची रजा, सामानाचा ढीग, दारात टेम्पो उभा. कॅलेंडरांच्या गुंडाळ्या रद्दीवाल्याच्या तराजूत मीच टाकल्या. किलोच्या भावाने.

ह्यूमसाहेबांची गोष्ट मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचली. त्यांचा नोकर अडाणी होता, त्याला त्या कागदांची किंमत ठाऊक नव्हती. मी शिकलेला होतो.

आज त्या जागेवर चार मजली इमारत आहे. मिरजेच्या त्या आळीत तेव्हा दयाळ किती होते, कोकीळ फेब्रुवारीत ओरडत होता की मार्चमध्ये, असे मला कुणी विचारले, तर मीही आता ‘खूप होते हो’ एवढेच म्हणू शकतो. उत्तर घरातच होते. ते मी विकले.

तेव्हा माझी विनंती एवढीच. बाग नसली तरी गॅलरी असेल, गॅलरी नसली तर खिडकी असेल. पाण्याचे एक उथळ भांडे सावलीत ठेवा, पाणी रोज बदला. चहाच्या वेळी पंधरा मिनिटे बाहेर पाहा. पक्ष्याचे नाव येत नसेल तर रंग, आकार आणि तो काय करत होता, एवढे लिहा. नाव मागाहून सापडेल. तारीख, वेळ, जागा आणि संख्या मात्र त्याच दिवशी लिहा. कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा यांची नोंद आधी करा, कारण त्यांची नोंद दुसरे कुणी करणार नाही. खार, सरडा, लिंबाच्या झाडावरची फुलपाखराची अळी यांनाही त्यात जागा द्या.

आणि तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस कॅलेंडरावर असे काही लिहीत असेल, तर ते कॅलेंडर रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचून पाहा.